मदत हवी आहे: मुलगी ११ वर्षांची, गणित दहावीच्या पुढे. दहावी लवकर देता येते का?

काटकोन (धागाकर्ती):
मुलीला जूनमध्ये ११ पूर्ण झाली. तिसरीनंतर शाळा सोडली, तेव्हापासून घरीच शिकते. राज्य मंडळाचं दहावीचं गणित, भाग १ आणि २, दोन्ही झालंय. सध्या अकरावीची त्रिकोणमिती चालू आहे. विज्ञान साधारण नववीचं. मराठी आणि इतिहास मात्र वयाप्रमाणेच, आणि लिहायचा जबर कंटाळा. पुढे गणित किंवा भौतिकशास्त्रातच जायचं म्हणते.

बाराव्या-तेराव्या वर्षी दहावी देता येईल का? एनआयओएस (केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ), फॉर्म नंबर १७ (राज्य मंडळाची दहावी शाळेत न जाता, बाहेरून देण्याचा अर्ज) आणि केंब्रिज (आंतरराष्ट्रीय मंडळ) यांत काय निवडावं? "शाळेत घाला" हा सल्ला घरी भरपूर मिळतोय, इथे कृपया नियम आणि अडचणी सांगा.

मुक्तछंद:
ताई, एनआयओएस असो की फॉर्म १७, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. यात सूट नाही. वय कोणत्या तारखेला मोजतात ते त्या सत्राच्या प्रवेशपुस्तिकेत दिलेलं असतं, ते आधी बघा. जूनचा जन्म असला की एका सत्राचा फरक सहज पडतो.

एनआयओएसने मुलं भराभर पुढे जातात हा समज चुकीचा आहे. १४ पूर्ण झाल्यावर प्रवेश, मग परीक्षा, म्हणजे दहावी हातात येईपर्यंत पंधरावं लागतं. पुढे बारावीसाठी दहावी उत्तीर्ण होण्यापासून दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षानंतर बसता येतं, पण चारच विषयांना; पाचवा विषय दोन वर्षं भरल्यावरच. बारावीचं प्रमाणपत्र सतराव्या वर्षाच्या आसपास येईल. शाळेतल्या मुलांपेक्षा फार तर वर्षभर आधी.

एनआयओएसची खरी सोय वेगळी आहे. प्रवेश पाच वर्षं चालतो, नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सुटा देता येतो. तुमच्या मुलीसारखं गणित पुढे आणि भाषा मागे असेल तर हे फार कामाचं. पण दहावीचा शेवटचा विषय रेंगाळू देऊ नका. दोन वर्षांचं घड्याळ दहावी पूर्ण झाल्यावरच सुरू होतं.

हातचा_एक:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. केंब्रिजबद्दल लिहितो.

आयजीसीएसईला, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला, मंडळाची वयाची अट नाही. खाजगी उमेदवार म्हणून बाराव्या वर्षीही बसता येतं, मात्र खाजगी उमेदवार घेणारं केंद्र आधी शोधावं लागतं. भारतात मार्च, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी तीन सत्रं असतात. भौतिकशास्त्राच्या आयजीसीएसईत प्रयोगाऐवजी लेखी पेपर घेता येतो, त्यामुळे तिथे प्रयोगशाळा अडत नाही. ए लेव्हलला (केंब्रिजची बारावीच्या तोडीची परीक्षा) अडते: प्रात्यक्षिकाचा पेपर प्रत्यक्ष द्यावाच लागतो आणि सगळी केंद्रं त्यासाठी बाहेरचा उमेदवार घेत नाहीत. गणिताला हा प्रश्नच येत नाही.

दुसरी मेख भारतातल्या प्रवेशाची. समकक्षतेसाठी, म्हणजे ही परीक्षा इथल्या दहावीच्या बरोबरीची धरली जाण्यासाठी, इंग्रजीसह पाच विषय हवेत; गणित-भौतिक असे दोनच लवकर काढून भागत नाही. ज्या विद्यापीठात जायचं असेल तिथल्या प्रवेश कक्षाकडून खाजगी उमेदवाराबद्दल लेखी उत्तर घ्या आणि मगच फी भरा. खर्चही एनआयओएसच्या कैक पट.

काटकोन:
पण घरीच शिकलेली मालविका जोशी दहावी-बारावीशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीला गेली ना? मग प्रमाणपत्राच्या मागे लागायचंच कशाला?

हातचा_एक:
गेली, २०१६ साली. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (संगणक प्रोग्रामिंग) ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. त्या जोरावर परदेशातलं दार उघडलं. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं उघडलं नसतं. भारतात शिकायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बारावी हवीच.

मुक्तछंद:
बारावीच्या घाईचा आणखी एक तोटा. जेईई अॅडव्हान्स्ड (आयआयटीची प्रवेश परीक्षा) बारावीला पहिल्यांदा बसलेल्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, एवढीच देता येते. तयारी नसताना बसवलं तर ती दोन वर्षं वाया जातात. आणि उद्या तिने वैद्यकीयचं मनात घेतलंच, तर नीटला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत.

शेवटचा_बाक:
आता मधल्या तीन वर्षांचं. अकरावी-बारावीचं गणित लगेच संपवायच्या मागे लागू नका. संख्या सिद्धांत (पूर्णांकांच्या गुणधर्मांचं गणित), मोजणीचं गणित (एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते ते काढणं), भूमितीतल्या सिद्धता याकडे वळवा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आठवड्याला तीनच प्रश्न द्या, पण प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहून घ्या.

लिहिण्याचा कंटाळा हाच तुमचा मोठा धोका आहे, आणि तो गणितातच आधी नडेल. अशी मुलं *क्ष*² − ५*क्ष* + ६ = ० बघून थेट "२ आणि ३" लिहितात. उत्तर बरोबर, पण अवयव पाडल्याची पायरी नाही, (*क्ष* − २)(*क्ष* − ३) = ० ही ओळ नाही, म्हणून पायऱ्यांचे गुण जातात. सोपे प्रश्न जितके जास्त, तितकी गळती जास्त. आत्तापासून रोज २० मिनिटं वेळ लावून लेखन: एक दिवस गणिताची पूर्ण मांडणी, एक दिवस मराठीतलं उत्तर, आलटून पालटून. दर दोन महिन्यांनी ५ मिनिटं वाढवा. थेट तीन तासांचा पेपर समोर ठेवलात तर हात दुखतो आणि मूल परीक्षेलाच धसका घेतं.

विज्ञानाची प्रयोगवही आत्ताच सुरू करा. उद्देश, साहित्य, निरीक्षणांचा तक्ता, आलेख. एनआयओएसच्या विज्ञानालाही प्रात्यक्षिक असतंच. तिची झेप नेमकी किती हे तटस्थपणे जाणून घ्यायचं असेल, तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेकडे (त्यांचा मानसशास्त्र विभाग) चौकशी करा.

काटकोन:
खूप उपयोग झाला. एनआयओएसच ठरवतेय, फॉर्म १७ हाताशी ठेवून. कागदपत्रांत काय बघून ठेवू?

मुक्तछंद:
जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळवा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, यावरच अर्ज अडकतात. फॉर्म १७ ला मूळ दाखला जमा करावा लागतो, त्याच्या रंगीत प्रती आधीच काढून ठेवा. दाखला हरवलाय असं आत्ता कळलं तर तिसरीच्या शाळेतून दुसरी प्रत निघते. तीन वर्षांनी तिथे रजिस्टर शोधायला लावणं जड जातं.