मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो, पण का?

मंडळी, एक शंका आहे. २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे ४२९४९६७२९७, गणितज्ञ फर्माला वाटलं होतं ही मूळ संख्या आहे पण ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे अवयव काढले. गुणाकार मी हातानेच करून बघितला, बरोबर येतो (कॅल्क्युलेटर लेकीने पळवलाय). आता घोडं अडलंय ते इथे, म्हणे हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ तपासले की लगेच ६४१. पण हे ६४ येतं कुठून? आणि ६७००४१७ मूळ आहे हे हाताने कसं तपासायचं? दहावीच्या गणितापर्यंतच मजल आहे, जरा सोप्या भाषेत सांगा प्लीज.