मदत हवी आहे: थंडीत बाबांना सकाळी फिरायला कधी न्यावं?

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळकडचे, खेड्यात राहतो. बाबा ६४ चे, बीपी अन् शुगर दोन्ही, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं तर हे पहाटे पाचलाच मफलर गुंडाळून पांदणीनं निघतात, अन् इकडं सध्या पारा १० च्या खाली जाऊन राहिला, तुरीवर दव इतकं की धुऱ्यावरून गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत वलं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बीपी वाढतो हे मला माहीत आहे, पण त्यांना सांगितलं तर म्हणतात जन्मभर रात्री हरभऱ्याला पाणी दिलं तेव्हा काही झालं नाई. आता काय बोलावं!

आठवड्याला १५० मिनिटं चालणं पुरे म्हणतात, मग ते आठ-नऊला ऊन पडल्यावर केलं तर चालते ना? कोवळ्या उन्हात सूर्यनमस्कार जमतील का, गुडघे थोडे दुखतात. परत आले की शेकोटीच्या धुरात तासभर बसतात, खोकला त्यानंच असेल असं मला वाटते. शुगरवाल्यांनी चालायच्या आधी काही खावं का? घरी कोणाचं असं असेल तर सांगा जी, अन् ऐकत नसलेल्या म्हाताऱ्याला कसं पटवलं तेही सांगा.