आजोबांची सोळा बोअरची ब्राउनिंग : वय, बिघाड आणि वारसाहक्क

धरमपेठकर यांचा प्रश्न :

नमस्कार. माझे आजोबा चंद्रपूरकडच्या जंगलात लाकडाचे ठेकेदार होते. त्यांची सेमी-ऑटोमॅटिक (बार उडाल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) बंदूक पुढे रीतसर वडिलांच्या परवान्यावर आली. गेल्या वर्षी वडील वारल्यानंतर आम्ही ती काडतुसांच्या डब्यासह नागपुरातील एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली असून पावती माझ्याजवळ आहे. बंदुकीची बॉडी मागच्या बाजूला कुबड आल्यासारखी चौकोनी आहे, डाव्या अंगाला एक लहान खटका आहे आणि नळीवर बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे नाव कोरलेले आहे. घरात मात्र तिची ख्याती फारशी बरी नाही. काका आजही सांगतात की, 'ही दुसऱ्या बाराला हमखास अडते.' ही बंदूक साधारण कोणत्या काळातील असावी, तिचे अडणे हा जातीचाच दोष आहे की काही मोडले आहे, आणि वारस म्हणून ती ठेवून घेता आली तर जोडीला रेमिंग्टन मॉडेल 11 घेऊन जुन्या शिकारी बंदुकांचा लहानसा संग्रह सुरू करता येईल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_नळी यांचे उत्तर :

आपल्या वर्णनावरून ही ब्राउनिंग ऑटो-5 आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी या रचनेचे पेटंट 1900 साली मिळवले. विंचेस्टर कंपनीने त्यांच्या कितीतरी रचना तोपर्यंत एकरकमी विकत घेतल्या होत्या; परंतु या वेळी त्यांनी प्रत्येक नगामागे मानधन मागितले आणि बोलणी फिसकटली. त्यानंतर ते रेमिंग्टनकडे गेले, तर भेटीच्या दिवशीच, जानेवारी 1902 मध्ये, त्या कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने वारले. शेवटी ब्राउनिंग नमुना घेऊन बोटीने बेल्जियमला गेले आणि एफएनने ती बंदूक बनवायला घेतली. रेमिंग्टनने 1905 पासून परवान्याखाली काढलेले मॉडेल 11 ही तिचीच अमेरिकन बहीण होय. आपल्या बंदुकीच्या डाव्या अंगाचा खटका मॅगझिनमधील, म्हणजे नळीखालच्या साठ्यातील, काडतुसे अडवून ठेवण्यासाठी असतो. तो खटका मॉडेल 11 वर नसल्याने दोघी शेजारी ठेवल्या तरी ओळखणे सोपे जाते.

वयाचा अंदाज घेण्यासाठी नळीवरील बेल्जियममधील लिएज शहराच्या चाचणीगृहाचे ठसे भिंगाखाली पाहावेत. लंबवर्तुळात 'ईएलजी' ही अक्षरे आणि जवळपास एक स्तंभ दिसेल. 1922 पासून तेथे वर्षागणिक एकेक अक्षर ठोकण्याची पद्धत सुरू झाली. ते अक्षर सापडल्यास निम्मे काम झाले. सेफ्टीचा खटका चापाच्या पुढे, कड्याच्या आतच असेल, तर बंदूक जुन्या धाटणीची समजावी. चाप ओढायला जाणारे बोट त्याच वाटेने जात असल्यामुळे ही सोय मला कधीच शहाणपणाची वाटलेली नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेंबरचा, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याच्या जागेचा, आकडा वाचून येथे कळवावा.

बारा_बोअर यांचे उत्तर :

अडणाऱ्या ऑटो-5 मी काही पाहिल्या आहेत, आणि त्यांत प्रत्यक्ष मोडलेली अशी क्वचितच निघते. बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) एकमेकांना धरूनच काडतुसाच्या लांबीहून अधिक अंतर मागे सरकतात. मागे गेल्यावर बोल्ट तेथेच रोखला जातो, नळी एकटी पुढे परतते, रिकामे कवच बाहेर फेकले जाते आणि मग बोल्ट पुढचे काडतूस घेऊन येतो. एवढी जड नळी दर बाराला मागेपुढे होते, म्हणून तिला आवर घालणारी स्प्रिंग मॅगझिनच्या नळीभोवती बसवलेली असते, आणि तिच्या पुढे पितळी रंगाचा ब्राँझचा घर्षण-तुकडा असतो. याशिवाय एक पोलादी कडी असते, आणि खरी मेख तिच्यातच आहे. जड काडतुसांसाठी ही कडी स्प्रिंग आणि ब्राँझ यांच्यामध्ये, उतरती बाजू ब्राँझकडे करून ठेवायची. हलक्या काडतुसांसाठी ती काढून स्प्रिंगच्या मागे, बॉडीला टेकवून ठेवायची. कडी जड मांडणीत राहिली आणि काडतूस हलके असले, तर नळी पुरती मागे जात नाही आणि बंदूक अडते. उलट, हलक्या मांडणीत जड काडतुसे उडवली तर नळी मागे आदळते आणि पुढचे लाकूड तडकते. ते लाकूड आधीच पातळ असते, त्यामुळे संग्राहकाने सर्वप्रथम तेथेच बोट फिरवून पाहावे.

मॅगझिनच्या नळीवर तेलाचा केवळ हात फिरलेला असावा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी बंदुकीला तेलाने न्हाऊ घालण्याची जी हौस असते, ती या रचनेला मुळीच मानवत नाही, कारण घर्षण नाहीसे झाले की आवरही जातो. परीक्षण होईपर्यंत हिच्यातून एकही बार उडवू नये.

याच संदर्भात विंचेस्टरच्या 1911 मॉडेलची आठवण होते. ब्राउनिंगच्या पेटंटमुळे त्यांना बोल्टला मूठ लावता आली नाही, म्हणून नळीवरच खरबरीत पट्टा कोरून ती मागे खेचण्याची युक्ती काढली गेली. दमट हवेत फुगलेले कागदी काडतूस आत अडकले की माणसे दस्ता जमिनीवर टेकवून नळी दाबत आणि तोंड नळीसमोर येई. तिला 'विधवा करणारी' हे नाव पडले ते यामुळेच. संग्रहासाठी ती कोणी देऊ केली, तर दुरूनच नमस्कार करावा.

कलम_तीन यांचे उत्तर :

कायद्याची बाजू आधी नीट पाहावी. शस्त्र नियम 2016 मधील नियम 25 प्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत सोबत जोडावी. मात्र साध्या दुनाळीचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो तसा हा मिळणार नाही, कारण अशा सेमी-ऑटोमॅटिक बंदुका या नियमांच्या अनुसूचीच्या पहिल्या प्रवर्गात मोडतात आणि तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. शस्त्र जमा ठेवण्यालाही मुदत असते, तेव्हा अर्जाला विलंब लावू नये.

दुसऱ्या बंदुकीविषयी स्पष्टच लिहितो. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्या दोनांतच मोजले जाते. संग्राहक म्हणून वेगळी सवलत मिळेल असे धरून चालू नये. जुन्या शस्त्रांना त्याच कायद्याच्या कलम 45 मध्ये सूट आहे खरी, परंतु ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशांना. आपली तर अजूनही चालते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्येच आल्यामुळे शिकारीचे कारण अर्जात लिहिण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या शस्त्रांचा संग्रह डोळे भरून पाहायचा असेल, तर नागपूरच्या अजब बंगल्यातील, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातील, शस्त्रदालन आहेच.

धरमपेठकर यांचे प्रत्युत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. आज विक्रेत्याकडे जाऊन त्यांच्या समक्ष बंदूक पाहिली. चेंबरवर 16-65 (सोळा बोअर, 65 मिलिमीटर) असा ठसा आहे, आणि कडी ब्राँझला लागूनच, म्हणजे जड मांडणीत आहे. पुढच्या लाकडाला तडा नाही. वर्षाचे अक्षर झिजल्यामुळे वाचता आले नाही. पावतीवर मात्र काडतुसांची नोंद 70 मिलिमीटर अशी आहे.

जुनी_नळी यांचे उत्तर :

म्हणजे काकांची तक्रार खरी होती आणि बंदूकही निर्दोष होती. महायुद्धापूर्वीच्या सोळा बोअरच्या अनेक ऑटो-5 मध्ये चेंबर 65 मिलिमीटरचे असे. 70 चे काडतूस आत सहज जाते, पण बार उडाल्यावर त्याचे तोंड उघडून चेंबरच्या पुढे पोहोचते, दाब वाढतो, आणि लांब झालेले कवच आखूड खिडकीतून बाहेर पडू शकत नाही. चेंबर वाढवून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण त्याने तिचे संग्रहमूल्य जाते. डब्यातील काडतुसे परत घेऊ नयेत. विक्रेत्याला तसे लेखी कळवावे आणि पावतीवर नोंद करून घ्यावी.