टॉइल, ड्रजरी, ग्राइंड, स्लॉग : सगळ्यांना 'कष्ट' म्हणून कसं चालेल?

ओळदुरुस्ती (धागाकर्ती)

मी अनुवाद तपासते. मागच्या आठवड्यात एका इंग्रजी लेखात असं वाक्य होतं की, त्या माणसाला टॉइलचं (घाम गाळून करायच्या कामाचं) भय नव्हतं, भय होतं ते ड्रजरीचं (रटाळ, नीरस कामाचं). अनुवादात आलं, 'त्याला श्रमांची भीती नव्हती, कष्टांची होती.' आता मराठी वाचकाने यातून काय घ्यायचं? मी वाक्य परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं, तेव्हा 'श्रम'च्या जागी 'परिश्रम' बसला होता. तिथेच मला हा धागा काढावासा वाटला.

माझं मत मांडते. काम किती अवघड आहे, हे या शब्दांमधून कळतच नाही. ते करून माणसाच्या हाती काय उरतं, ते कळतं. टॉइलमध्ये घाम आहे, पण मानही आहे. इंग्रजीत 'ऑनेस्ट टॉइल' सर्रास म्हणतात, 'ऑनेस्ट ड्रजरी' म्हटलेलं मी तरी वाचलेलं नाही. ड्रजरीच्या आधी येतात ती 'शीअर' (निव्वळ), 'माइंडलेस' (डोकं न लागणारी) अशी विशेषणं. आणि ड्रजरी अंगमेहनतीची असावी लागत नाही. दिवसभर खुर्चीत बसून एकाच नमुन्याचे शेकडो अर्ज भरणं ही ड्रजरी. खडक फोडून विहीर खणणं हे टॉइल. विहीर रोज हातभर तरी खोल झालेली दिसते. अर्ज भरणाऱ्याला काय दिसतं?

ग्राइंडमध्ये (शब्दशः दळणं) रोजचेपणा मुख्य आहे. एका दिवसाचं काम कितीही पिळून काढणारं असो, त्याला ग्राइंड म्हणत नाहीत. स्लॉग लांबलचक आणि कंटाळवाणा, पण त्याला शेवट असतो, माणूस पाय ओढत का होईना कुठेतरी पोचतो.

आपल्याकडे ड्रजरीला एक शब्द नाही, पण तुकड्यातुकड्यांनी भरपूर आहेत. कागदावरची ड्रजरी म्हणजे खर्डेघाशी, शरीराची ढोरमेहनत, घरातली 'रांधा, वाढा, उष्टी काढा', आणि आपल्या योग्यतेपेक्षा खालचं काम गळ्यात पडलं की हमाली. एवढं असताना अनुवादक 'कष्ट' या एकाच शब्दाशी का थांबतात?

कोशवाचक

ओळदुरुस्ती, वाक्याबद्दलची तुमची चीड अगदी रास्त आहे. पण तुम्ही केलेली वाटणी इंग्रजीत टिकत नाही.

टॉइलचा हा 'मान' मुळातला नाहीच. शब्द फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ ढवळणं, घुसळणं असा होता. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये ऑलिव्ह चिरडायच्या यंत्राचं नाव आहे. इंग्रजीत आला तेव्हा तो आधी भांडण-झगड्याचा शब्द होता, कामाचा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे जे चिरडणं तुम्ही ग्राइंडकडे द्याल, ते टॉइलच्याच पोटात आहे.

आता 'हाती काय उरतं' ही तुमची कसोटी. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये कोळी म्हणतात, आम्ही रात्रभर राबलो आणि हाती काही लागलं नाही. तिथे क्रियापद टॉइलच आहे. उलट बाजूने सॅम्युएल जॉन्सन पाहा. १७५५ साली त्यांनी चाळीस हजारांहून जास्त शब्दांचा कोश छापला आणि त्यात 'कोशकार' या शब्दाच्या अर्थात लिहिलं, 'निरुपद्रवी ड्रज', म्हणजे ड्रजरी करणारा. इतकं मोठं काम हाती उरलेल्या माणसाने स्वतःला हा शब्द लावला. रिकाम्या हातांचं टॉइल आणि भरल्या हातांची ड्रजरी, दोन्ही इंग्रजीत सुखाने नांदतात. मग कसोटी कुठे राहिली?

ओळदुरुस्ती

कोशवाचक, बायबलच्या उदाहरणाने मला खरंच अडवलं. कसोटी जरा बदलते. हाती काय उरलं हे सोडू, काम करताना नजर कुठे आहे ते पाहू. त्या कोळ्यांना मासे मिळाले नाहीत, पण प्रत्येक वेळी जाळं टाकताना मासा डोळ्यांसमोर होता. ड्रजरीत डोळ्यांसमोर काहीच नसतं.

जॉन्सन यांचं उदाहरण मात्र मला माझ्याच बाजूचं वाटतं. कोश हाती आला, पण ड्रज हा शब्द त्यांनी लावला तो त्या कामाला समाजात असलेल्या किमतीमुळे. ड्रज म्हणजे मुळात हलक्या कामाला लावलेला गडी. तो कमीपणा शब्दातून जात नाही.

रात्रपाळी

मी सर्व्हर सांभाळतो. आमच्या धंद्यात टॉइल ही चक्क व्याख्या असलेली संज्ञा आहे आणि ती तुमच्या बरोबर उलट आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली मोठ्या प्रणाली चालत्या ठेवण्याबद्दल एक पुस्तक काढलं, त्यात टॉइलची लक्षणं दिली आहेत. जे हाताने करावं लागतं, पुन्हा पुन्हा करावं लागतं, यंत्राला शिकवता येण्यासारखं असतं, मागे टिकाऊ काही ठेवत नाही आणि वापरणारे वाढले की त्याच पटीत वाढतं, ते टॉइल. माणसाचा निम्म्याहून जास्त वेळ त्यात जाऊ नये, असंही तिथे सांगितलं आहे. नुसतं नावडतं काम म्हणजे टॉइल नव्हे, हेही स्पष्ट केलंय.

यात मान कुठे आहे? ही तर तुमची ड्रजरी झाली. तरीही टॉइल हाच शब्द निवडला गेला आणि जगभर रुळला. रात्री तीन वाजता तीच डिस्क भरली म्हणून तीच फाइल सातव्यांदा पुसताना त्याला नेमका शब्द आहे, याचा मला फार आधार वाटतो. नाव मिळालं म्हणून तर ते काम मोजता आलं आणि वरिष्ठांपुढे मांडता आलं.

ग्राइंडचंही तेच. व्हिडिओ गेम खेळणारी मुलं पातळी वाढवण्यासाठी तेच ते शत्रू तासन्‌तास मारतात, त्याला ग्राइंड म्हणतात. स्वखुशीने! शब्द ज्या बिरादरीच्या हातात जातो, ती त्याचा अर्थ ठरवते.

चुलीमागची

इतका वेळ सगळे काम पाहत आहेत. बोलणारा कोण आहे, ते कुणी पाहिलेलं दिसत नाही.

संध्याकाळी घरी येऊन 'आज मी खूप टॉइल केलं' असं कुठला इंग्रज म्हणत असेल? तो दुसऱ्याबद्दल वापरायचा शब्द आहे. भाषणात, प्रार्थनेत, थडग्यावर. चर्चिल यांनी १३ मे १९४० ला संसदेत रक्त, टॉइल, अश्रू आणि घाम असं म्हटलं होतं. लोकांच्या तोंडी राहिलं ते रक्त, घाम आणि अश्रू. टॉइल गळून पडलं, कारण बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवर ते नव्हतंच, असं मला वाटतं. स्वतःच्या कामाला माणूस स्लॉग म्हणतो, ग्राइंड म्हणतो. मान देणारा शब्द लांबून पाहणाऱ्याला परवडतो.

मराठीतही ऐकून पाहा. 'ती दिवसभर राबते' हे दुसरं कुणीतरी म्हणतं. ती स्वतः म्हणते, 'सकाळपासून नुसती मरमर चाललीय.'

आणि चोअर हा शब्द कुणी घेतलाच नाही, त्याचंही मला वाईट वाटलं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वळण, पाळी, एक खेप असा होता. झाडलोट करणाऱ्या बाईला इंग्रजीत चारवुमन म्हणत, त्यातला 'चार' तोच. चोअर म्हणजे किरकोळ, पाच मिनिटांचं काम. ते पाच मिनिटांचं काम एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं आलं की त्याची ड्रजरी होते. काम तेच राहतं, फक्त पाळी बदलत नाही. मी सोळा वर्षं हे केलंय, त्यामुळे इथे मला कुणी शब्दकोश दाखवू नये.

कोशवाचक

चुलीमागची, चर्चिल यांचं वाक्य मी अनेकदा वाचलंय, पण गळलेला शब्द या कारणाने गळला असेल हे मनात आलं नव्हतं. तीन शब्दांचा ठेका जिभेला सोपा जातो हेही कारण असावं, पण तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

वेठ

सक्ती हा खरा मुद्दा आहे आणि तो राहूनच गेला. रोबोट शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला. त्यामागे चेक भाषेतला 'रोबोटा' आहे, म्हणजे जमीनदाराकडे फुकट राबणं. आपली वेठच. वेठ हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आलाय. इंग्रजीतला ट्रॅव्हेल, म्हणजे यातनामय कष्ट, हा शब्द जातो तीन खुंटांच्या छळयंत्राच्या लॅटिन नावापर्यंत, आणि प्रवासाचा ट्रॅव्हल हा त्याचाच भाऊ.

साध्या 'लेबर'ला 'हार्ड' जोडलं की सक्तमजुरीची शिक्षा होते. ब्रिटिश तुरुंगांत १८१८ पासून विल्यम क्युबिट यांचं पायचाक आलं. कैदी तासन्‌तास त्याच्या पायऱ्या चढत, आणि कित्येक ठिकाणी त्या चाकाला दळायला धान्यसुद्धा नसे. आज कंटाळवाण्या नोकरीला इंग्रजीत ट्रेडमिल म्हणतात ते याच चाकावरून. सुटता येतं की नाही, एवढं विचारा, शब्द आपोआप ठरेल.

रात्रपाळी

मग माझी नोकरी कशात बसते? सुटता येतं, पण सुटत नाही.

ओळदुरुस्ती

सगळ्यांचं वाचून काल रात्री ते वाक्य असं केलं : 'राबायला तो भीत नव्हता, त्याला धास्ती होती ती घाण्याला जुंपलं जाण्याची.'

कोशवाचक

घाण्यातून तेल निघतं, आणि तुमच्या ड्रजरीतून तर काहीच निघत नाही. पण ते सोडा, मराठीत घाण्याचा बैल म्हटलं की फेरेच डोळ्यांसमोर येतात, तेल येत नाही. मला खटकतं ते 'जुंपलं जाण्याची'. त्यात जुंपणारा आला, म्हणजे वर 'वेठ' यांनी सांगितलेली सक्ती आली. मूळ लेखात ती आहे का?

ओळदुरुस्ती

मूळ लेख पुन्हा वाचला. सक्ती नाही. तो माणूस केव्हाही राजीनामा देऊ शकत होता आणि शेवटी देतोही. तेव्हा घाणा आणि जुंपणं दोन्ही काढते. आणि वाक्य लेखक त्याच्याबद्दल बोलतोय, तो स्वतः नाही, त्यामुळे चुलीमागची यांच्या हिशेबाने 'राबणं' बरोबर बसतं.

'राबायला तो भीत नव्हता. त्याच त्या कामात झिजत जाण्याची त्याला धास्ती होती.'

हेच आज पाठवते आहे.