मदत हवी आहे: विधिमंडळाने माघार मंजूर केली, तरी संरक्षण करार लागूच कसा?

अर्धविराम: टिपण उद्या सकाळी द्यायचे असल्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे. करार कालबाह्य झाल्याचे कारण देऊन विधिमंडळाने माघारीला मंजुरी दिली, तरीही सदस्यांच्या यादीत तो देश पुढची दोन वर्षे तसाच दिसतो. मग त्या मंजुरीला अर्थ काय?

तळटीप: देश कोणता आणि करार कोणता, हे आपण लिहिलेलेच नाही. नाटोच्या कलम १३ मध्ये ही मुदत एक वर्षाची आहे, तेव्हा आपला प्रश्न नाटोबद्दलचा नसावा.

अर्धविराम: इक्वाडोर आणि १९४७ चा रिओ करार, म्हणजे अमेरिकेसह अमेरिका खंडांतील देशांचा परस्पर संरक्षणाचा करार. मला वाटले, ते उघड आहे.

तळटीप: उघड नव्हते, बोलिव्हिया, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला यांनीही इक्वाडोरबरोबरच २०१२ मध्ये माघार जाहीर केली होती. इक्वाडोरच्या २००८ च्या राज्यघटनेतील कलम ४१९ नुसार लष्करी युतीच्या करारातून बाहेर पडण्यापूर्वी राष्ट्रीय सभेची (तिथल्या विधिमंडळाची) मंजुरी आवश्यक असते, म्हणजे ती मंजुरी सरकारला देशांतर्गत अधिकार देते; इतर सदस्यराष्ट्रांच्या दृष्टीने मात्र लेखी सूचना रीतसर दाखल झाल्यावरच घड्याळ सुरू होते आणि रिओ कराराच्या कलम २५ प्रमाणे ते दोन वर्षे चालते. इक्वाडोरची सूचना २०१४ मध्ये दाखल झाली, त्यामुळे माघार २०१६ मध्ये अमलात आली.

दक्षिणवारा: एवढा कायद्याचा कीस कशासाठी? एकावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणाऱ्या या कराराचा आधार अर्जेंटिनाने १९८२ मध्ये फॉकलंड युद्धाच्या वेळी घेतला आणि अमेरिकेने ब्रिटनची बाजू घेतली. करार तेव्हाच संपला. सभागृहातील चर्चा ही केवळ उत्तरक्रिया होती.

तळटीप: राजकीयदृष्ट्या आपले म्हणणे मान्य आहे, कायदेशीरदृष्ट्या नाही. मेक्सिकोचे अध्यक्ष फॉक्स यांनी ७ सप्टेंबर २००१ रोजी हा करार कालबाह्य ठरवला आणि त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेवर हल्ला झाल्यावर ब्राझीलने त्याच कराराखाली बैठक मागितली. मेलेल्या कराराखाली कोणी बैठक बोलावत नाही.

पानगळ: परत सामील होण्याचा मार्गही लक्षात घ्यावा. व्हेनेझुएलाची माघार २०१५ मध्ये अमलात आली होती, तरी २०१९ मध्ये विरोधकांचे बहुमत असलेल्या राष्ट्रीय सभेने पुन्हा सामील होण्याचा ठराव केला. मादुरो सरकारने अर्थातच तो मानला नाही.

अर्धविराम: परत येण्याबद्दल मी विचारलेले नाही. त्या दोन वर्षांत युद्ध झाले असते, तर इक्वाडोरला सैन्य पाठवावे लागले असते का, एवढेच सांगा.

तळटीप: नाही. कलम २० नुसार कोणत्याही सदस्याला त्याच्या संमतीशिवाय सशस्त्र बळ वापरण्याची सक्ती करता येत नाही. राजनैतिक संबंध किंवा व्यापार तोडण्याचा निर्णय दोन तृतीयांश बहुमताने झाला असता, तर तो मात्र इक्वाडोरवर बंधनकारक ठरला असता.