गुडघा बदलल्यानंतर फिजिओथेरपिस्ट कोणत्या कसोटीवर निवडावा?

प्रश्न
आईच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली असून टाकेही निघाले आहेत. डॉक्टरांनी फिजिओथेरपी चालू ठेवण्यास सांगितले. कोणाकडे जायचे ते मात्र आमच्यावर सोपवले. आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी बराच वेळ शेक आणि मशीन लावतात, आणि आईला तेवढ्यापुरते बरे वाटते. दुसऱ्या ठिकाणच्या बाई व्यायामच करवून घेतात. त्यात गुडघा दुखतो, म्हणून आई तिथे जायला नाखूश आहे. निवड कशी करावी?

प्रतिसाद 1
पहिल्या भेटीत दोघांनी काय तपासले, हे आधी आठवून पाहा. सांधेबदलानंतर गुडघा पूर्ण सरळ होतो का आणि किती अंश वाकतो, हे कोनमापकाने मोजून लिहून ठेवणे ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे, कारण सपाटीवर चालायला साधारण 65 ते 70 अंश पुरतात, पण जिना उतरायला 90च्या आसपास आणि बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहूनही अधिक वाकावे लागते. म्हणजे आईंना पुन्हा काय करता यायला हवे आहे, हे विचारल्याशिवाय उपचारांचे उद्दिष्टच ठरत नाही. ज्यांनी हे विचारले, मोजले आणि घरी करायचे व्यायाम स्वतः करून दाखवले, त्यांच्याकडे माझा कल राहील. मशीनने वेदना तात्पुरती कमी होते, हे खरे. मांडीच्या पुढच्या स्नायूंत ताकद मात्र व्यायामानेच येते, आणि या शस्त्रक्रियेनंतर नेमके तेच स्नायू सर्वांत अशक्त झालेले असतात.

प्रतिसाद 2
वरील मताशी बव्हंशी सहमत आहे, परंतु आईंच्या नाखुशीकडे काणाडोळा करू नये. व्यायाम कितीही योग्य असला, तरी ज्यांच्याकडे जायची धास्ती वाटते त्यांच्याकडे माणूस फार दिवस टिकत नाही. व्यायामानंतर किती दुखणे अपेक्षित आहे, असे त्या बाईंना स्पष्ट विचारा. थोडे दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरणारी वेदना सहसा चालते. सूज वाढत असेल आणि रात्रीची झोप उडत असेल, तर व्यायामाचे प्रमाण कमी करायला हवे. हे ऐकून त्यांनी व्यायामात बदल केला, तर माणूस योग्य आहे असे समजा. ‘सहन करायलाच हवे’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिसरा पर्याय शोधा.

प्रश्नकर्ती
बाईंनी कोन मोजला होता, घरचे व्यायामही कागदावर लिहून दिले. पहिल्या ठिकाणी असे काहीच झाले नाही. वडिलांना पूर्वी पक्षाघात झाला असून त्यांचा तोल जातो. त्यांनाही याच बाईंकडे न्यावे का? एकाच फेरीत दोघांचे होईल.

प्रतिसाद 3
मी याच व्यवसायात आहे. सोय म्हणून तसे ठरवू नका. पक्षाघातानंतरच्या उपचारांत मेंदू आणि मज्जासंस्थेशी संबंधित फिजिओथेरपीचा अनुभव लागतो, आणि सांध्यांचे काम उत्तम करणाऱ्याला तो असेलच असे नाही. असे रुग्ण त्या नियमित पाहतात का, हे थेट विचारा. अनुभव नसल्यास प्रामाणिक व्यक्ती तसे सांगून दुसऱ्याकडे पाठवते. नोंदणी आहे का आणि दर वेळी उपचार त्या स्वतः करतात की सहायकावर सोपवतात, हेही विचारून घ्या. आईंच्या बाबतीत एक खबरदारी: पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी फिजिओथेरपीची पुढची वेळ येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठा.