छोट्या वायनरीत टेस्टिंग आणि जेवण: क्रम कसा ठेवायचा?

प्रश्न: एका कुटुंबाच्या छोट्या वायनरीत सहा वाइन चाखायच्या आहेत, सोबत तिथलंच तिखट जेवण आहे. उपाशी जावं का? आधी काय चाखावं?

प्रतिसाद १: उपाशी अजिबात नको, रिकाम्या पोटी भराभर चढते. ५० मिलीच्या मापाने सहा वाइन म्हणजे ३०० मिली, बाटलीचा दोन-पंचमांश भाग! चाखलेला घोट थुंकायला भांडं मागून घ्या, त्यात कुणाचा अपमान नसतो. क्रम असा: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), कोरडी (गोड नसलेली) पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारी लाल, शेवटी गोड. गोड आधी घेतली तर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. आणि अत्तर लावून जाऊ नका, वास कळत नाहीत.

प्रतिसाद २: क्रम पटला, पण पहिला घोट जेवणाआधी, नुसता घ्या. खरी गडबड तिखटाची. भरपूर टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) आणि जास्त अल्कोहोल असलेली लाल वाइन जळजळ वाढवते. तिखटाला किंचित गोड, थंड पांढरी वाइन बरी. टॅनिनवाली लाल मटणासाठी किंवा चीजसाठी राखून ठेवा, प्रथिनांमुळे तिचा तुरटपणा मवाळ होतो. गोड पदार्थ असेल तर वाइन त्याहून गोड हवी.

प्रतिसाद ३: तापमानही बघा. पांढरी ८ ते १० अंश, भारी लाल १६ ते १८. लाल कोमट वाटली तर बाटली दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगा. द्राक्षतोडणीच्या दिवसांत घरचेच सगळे कामात असतात, आधी फोन करा. गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा.